साक्षीपुरती रोटी

वाळवंटातल्या स्मारा या निर्वासितांच्या छावणीतल्या ज्या वस्तीत दहबा राहत असे, तिथे पिठाचे वाटप तिच्या हातून होई. ट्रक येत, पोती चटईवर उतरवली जात आणि बायका आपापली पातेली, घमेली, जुने डबे घेऊन वाळूत गोल करून बसत. मधोमध दहबा. अंगाभोवती लपेटलेल्या मलह्फाचे टोक दातांत धरून ती पत्र्याचे माप पोत्यात खुपसायची, वर आलेली शीग तळहाताच्या कडेने सपाट करायची आणि समोरच्या भांड्यात ओतायची. विधवेला, सैनिकाच्या बायकोला, स्वतःच्या नणंदेला, सगळ्यांना तेच माप आणि तोच सपाट हात.

"तुझा हात म्हणजे तराजू आहे गं," शेजारच्या तंबूतली एंबारका म्हणायची, "पण दया म्हणून नाही त्यात."

"दया ट्रकातून येते, एंबारका. माझ्याकडे नुसतं माप आहे."

बायका हसत. या उत्तरात दहबाचा अभिमान होता, आणि तिच्यासारख्या स्त्रीला परवडण्याजोगा तो एकच अभिमान होता. देश सोडून पळताना ती आईच्या कडेवर होती. त्यानंतरचे सारे आयुष्य दुसऱ्यांनी पाठवलेल्या अन्नावर गेले. दान घेणाऱ्याला दान निवडता येत नाही. काय यावे, किती यावे, केव्हा यावे, हे कुठेतरी दूर ठरते. ते सारखे वाटले जावे, एवढेच त्याच्या हातात उरते. दहबाने आपले सगळे सत्त्व त्या एवढ्याशा जागेत ओतले होते.

तिची आई उंटिणीच्या दुधावर वाढलेली. दूध, खजूर, मांस, कधीमधी मूठभर सातू. गहू तिच्या लेखी पाहुण्यांसाठी होता. छावणीत आल्यावर दूध गेले आणि गहू रोजचा झाला: सकाळी रोटी, दुपारी कुसकुस, रात्री पुन्हा रोटी. कोणी तक्रार केली नाही. उपाशी माणूस पिठाची जात विचारत नाही.

दहबाचे पहिले मूल लहबीब. अंगावरचे दूध सुटेपर्यंत तो गुटगुटीत होता. मग खाऊ लागला आणि उतरत गेला. हातपाय काटक्या झाले, पोट तेवढे नगाऱ्यासारखे फुगले. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी त्याच्या कपाळाला हात लावला आणि एकच शब्द उच्चारला: अघिंदी. अघिंदी म्हणजे काय, हे तिथे कोणाला समजावून सांगावे लागत नसे. अन्नातले मीठ, एखादा वास, बदललेले पाणी, यांतले काहीतरी शरीराला न मानवता आत शिरते आणि ठाण मांडून बसते. ते ओळखायचे आणि घराबाहेर घालवायचे, हा त्यावरचा उपाय. लहबीबच्या बाबतीत बोट मिठाकडे गेले. दहबाने मीठ बंद केले. पोराला ताकद यावी म्हणून पिठातले बारीकात बारीक पीठ वस्त्रगाळ करून बाजूला ठेवले, शेळीच्या दुधात त्याची लापशी शिजवली आणि बोटाने त्याला चाटवली. तो बोलू लागण्याआधी गेला. त्यावेळी ती विशीत होती.

मुनिना पुष्कळ वर्षांनी झाली. नवरा बशीर दूरच्या लष्करी ठाण्यावर असे, रजा मिळाली की येई. त्यामुळे घर म्हणजे या दोघीच. नऊ वर्षांची असताना मुनिना पाणी पिऊन पिऊन, लघवी करून करून वाळली आणि एके दिवशी बेशुद्ध पडली. लहान मुलांना होणारा मधुमेह, असे दवाखान्यात सांगितले गेले. तेव्हापासून इन्सुलिनच्या बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या भांड्यात ठेवणे आणि दिवसातून अनेकदा लेकीच्या दंडाचा चिमटा पकडणे हा दहबाच्या दिनक्रमाचा भाग झाला. त्याचे तिला काही वाटेनासे झाले होते. वाटत होते ते वेगळ्याच गोष्टीचे. पोरगी पंधराची झाली, पण दिसायची अकराची. तिच्या बरोबरीच्या मुली मलह्फा नेसू लागल्या. हिच्या अंगावर तो नेसवला तर काठीवर वाळत घातल्यासारखा दिसे. पाळी आलेली नव्हती. आणि आता नवेच सुरू झाले होते: जेवण करून, त्याच्या हिशेबाने सुई टोचून घेतली की तासाभरात मुनिनाला दरदरून घाम फुटे, हात थरथरत, शब्द अडखळत.

"खाल्लेलं जातं कुठं गं तुझं?" दहबा तिच्या तोंडात साखर कोंबत विचारायची.

"तुझ्या मापात खोट असेल, यम्मा," तशाही अवस्थेत मुनिना म्हणायची.

दवाखान्यात डॉक्टर सालेक होता. अकराव्या वर्षी शिकायला क्युबाला गेलेला पोरगा पुरुष होऊन, डॉक्टर होऊन परतला तेव्हा त्याची हस्सानिया भाषा मोडून गेली होती. बायका त्याच्या तोंडावर त्याची नक्कल करत. तो रागावत नसे.

त्याने मुनिनाच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, नखे पाहिली, तिला भिंतीला पाठ लावून उभी केली. पोटावर हात ठेवला.

"खालती, ही जेवते का नीट?" आईच्या वयाच्या बाईला तिथे खालती, म्हणजे मावशी, म्हणत.

"माझ्याहून जास्त."

"मग साखर खाली का पडते?"

"मी चोरून सुया टोचून घेत नाही हां, डॉक्टर," मुनिना म्हणाली.

"तुझ्यावर कोण आळ घेतंय? पोट कसं असतं? फुगतं?"

मुनिनाने आईकडे पाहिले. "वर्गातल्या पोरी म्हणतात, नवरा नाही नि पोट आलं."

सालेक हसला, मग गंभीर झाला. शौचाला किती वेळा, कशी होते, तोंड येते का, हे सारे विचारून त्याने शेवटी दहबाकडे वळून विचारले, "घरात आणखी कुणाला पोटाचा असा विकार? लहानपणी कुणाला?"

"नाही," दहबा म्हणाली.

ती खोटे बोलत नव्हती. त्याने पोटाच्या विकाराविषयी विचारले होते. लहबीबला अघिंदी झाली होती. तिच्या मनात या दोन गोष्टी दोन वेगळ्या खोल्यांत राहत होत्या, आणि मधल्या भिंतीला दार असेल अशी शंका तिला कधीच आली नव्हती.

सालेकने सांगितले ते असे. शरीराचे राखणदार कधीकधी घरच्याच माणसाला चोर समजतात. मुनिनाच्या राखणदारांनी साखर सांभाळणारी ग्रंथी एकदा अशीच उद्ध्वस्त केली. असे राखणदार एवढ्यावर थांबतीलच असे नाही. ते गळ्यातल्या ग्रंथीकडे वळू शकतात, आतड्याकडेही. आतड्याकडे वळले तर त्यांना चिथावणारा असतो गहू. आतड्याचे अस्तर झिजते, अन्न पोटात जाते पण रक्तात उतरत नाही. सुई मात्र अन्न उतरले असे धरून टोचलेली असते. म्हणून साखर पडते. ज्याला एक दुखणे आहे त्याचे दुसरेही तपासावे, असा नियमच आहे. आणि आपल्या लोकांत हे गव्हाचे दुखणे इतरांपेक्षा जास्त दिसते.

"रक्ताची तपासणी करायची. इथं किट नाहीत. बाहेरचं पथक येईल तेव्हा. शरद ऋतूत येणार आहेत." दाराशी पोहोचलेल्या दहबाला त्याने पुन्हा हाक मारली. "आणि ऐक, खालती. तोवर खाणं बदलायचं नाही. रोटी चालू ठेव. चोर घरात असेल तरच राखणदार ओरडतात. आपल्याला ती ओरड ऐकायची आहे."

दहबाने ऐकले आणि मान डोलावली. परतीच्या वाटेवर वाळू तापली होती. मुनिना पुढे चालत होती आणि तिच्या फ्रॉकमधून खांद्याची हाडे पंखांच्या बुंध्यासारखी वर आलेली होती. कारण कळल्यावरही तेच पोरीच्या पानात वाढायचे, हे कोणत्या आईला जमेल? दोष ओळखायचा आणि तो घराबाहेर घालवायचा, ही गोष्ट तिच्या आईने तिला शिकवली होती, आईला तिच्या आईने. डॉक्टर पोरगा चांगला होता, पण परदेशात वाढला होता.

त्याच संध्याकाळी तिने तंबूतले सगळे पीठ उचलले आणि एंबारकाकडे नेऊन तांदळाशी अदलाबदल केली. केवळ मुनिनासाठी वेगळे शिजवणे तिच्या मनातही आले नाही. एका घरात एक परात असते. सगळे तिच्याभोवती बसतात आणि उजव्या हाताने आपल्यासमोरचा घास घेतात. वेगळे पान भांडण झालेल्याचे, नाहीतर मेल्यावर काढून ठेवलेले. म्हणून गहू बंद झाला तो दोघींचाही.

"पीठ वाटणारी स्वतः पीठ खात नाही!" एंबारकाने पोत्याच्या तोंडाची दोरी आवळता आवळता टोमणा मारला. "आम्हाला विष वाटतेस की काय गं?"

"तुझ्यासारखीला विषही लागायचं नाही," दहबा म्हणाली आणि दोघी हसल्या.

मुनिना खुलली. आधी जुलाब थांबले, मग पोट बसले, मग गालांवर रंग आला. सुईनंतरची थरथर विरळ झाली. दवाखान्यातली परिचारिका इन्सुलिन देताना म्हणाली, "काय गं, लग्नबिग्न ठरलं की काय?" दहबा रोज सकाळी लेकीकडे पाही आणि मनातल्या मनात अल्लाचे आभार मानी. आपण डॉक्टरचे ऐकले नाही हे तिला आठवे, पण ते आता अपराधासारखे वाटत नसे. शहाणपणासारखे वाटे.

शरद ऋतूत पथक आले नाही, पाऊस आला. वाळवंटात वर्षानुवर्षे न पडणारा पाऊस त्या वर्षी दिवसच्या दिवस पडला आणि मातीच्या विटांची घरे साखरेच्या ढेपेसारखी विरघळली. दवाखान्याची एक भिंत बसली, शाळेचे छत बसले. पिठाची पोती भिजून त्यांचे दगड झाले. पथक वसंतात आले, खजुरीच्या झाडांना मोहोर येऊन गेल्यावर.

रक्त घेतले गेले, बर्फाच्या पेटीतून कुठेतरी गेले आणि उत्तर आले.

"काही नाही," सालेक कागदाकडे पाहत म्हणाला. "एकदम स्वच्छ." त्याच्या आवाजात आनंद नव्हता.

"अल्हम्दुलिल्ला," दहबा म्हणाली.

"थांब, खालती. ही रोटी खात होती ना?"

मुनिनाने जमिनीकडे पाहिले. बाहेर एक शेळी पुठ्ठा चावत होती, त्याचा आवाज ऐकू येत होता.

"मी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतंस."

"मग?"

"तू डॉक्टर आहेस, बाळ. मी आई आहे."

सालेकने कागद पालथा ठेवला. तो ओरडला असता तर बरे झाले असते, असे दहबाला नंतर अनेकदा वाटले. तो हळू आवाजात, मोडक्या हस्सानियात एकेक गोष्ट सांगत गेला. इतके महिने गहू बंद असला की रक्तातल्या खुणा पुसल्या जातात. आता कोणालाच खात्रीने सांगता येणार नाही. मुनिनाला हे दुखणे आहे असे त्याला वाटते. पण त्याच्या वाटण्यावर काही मिळत नाही. गहू नसलेले पीठ बाहेरून येते ते थोडे असते, आणि ज्यांच्या रक्ताने साक्ष दिली आहे त्यांनाच दिले जाते.

"मग देऊ नका. तांदूळ आहे माझ्याकडे."

पण तांदूळ राहिला नव्हता. पावसानंतरच्या पहिल्याच ट्रकात तांदळाची पोती निम्मी आली होती, आणि ती सपाट हाताने वाटताना दहबाला एंबारकाच्या डोळ्यांतला विचार दिसला होता: आता अदलाबदल नाही. शिवाय मुनिनाला पुढल्या शाळेसाठी उत्तरेकडच्या शहरात वसतिगृहात जायचे होते. बरोबरीच्या सगळ्या मुली जाणार होत्या. तिथल्या स्वयंपाकघरात सकाळी पाव, दुपारी कुसकुस, रात्री पाव. वेगळे अन्न मागायचे तर हातात डॉक्टरचा पुरावा हवा. नाहीतर तो नखरा.

"आता काय करायचं?" मुनिनाने विचारले. आईला नाही, डॉक्टरला.

"पुन्हा खायचं. रोज. काही आठवडे. मग पुन्हा रक्त. सुईचं प्रमाण मी कमी करून देतो, कारण..." तो थांबला. "कारण तुला माहीत आहेच."



पीठ मळणे ही अशी क्रिया आहे की हात ती डोक्याला न विचारता करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दहबाने पहिल्यांदाच डोक्याला विचारून पीठ मळले. पाणी किती, मीठ किती, हे तिला आठवावे लागले. तंबूच्या दाराशी बसून ती कणकेचा गोळा दाबत होती, आणि तिला असे वाटत होते की आपण एखाद्या खटल्याचा पुरावा तयार करत आहोत, आणि ज्याच्या बाजूने तो द्यायचा त्याच्याच अंगातून तो काढायचा आहे. रोटी भाजली गेली. तिचा वास तंबूभर पसरला.

मुनिनाने तुकडा तोडला, चावला आणि डोळे मिटले.

"किती छान लागतं गं, यम्मा! विसरलेच होते मी."

दहबा उठून बाहेर गेली आणि शेळ्यांना पाणी घालून परत आली. मुनिना तशीच बसली होती, अर्धी रोटी पुढ्यात ठेवून.

"मी एकटी खाणार नाही. कुणी मेलंय का या घरात?"

मग दहबा तिच्यासमोर बसली आणि दोघींनी एकाच रोटीचे घास घेतले. त्या दिवसापासून रोज तसेच झाले. थोड्याच दिवसांत दहबाच्या पोटात ती जुनी कळ परत आली, जी तिच्या आठवणीत कायमचीच होती आणि मधल्या महिन्यांत केव्हा नाहीशी झाली हे तिच्या लक्षातही आले नव्हते. तिला वाटले, हे दुःख आहे. आईला पोटात दुखणारच.

मुनिनाचा रंग उतरला. पोट पुन्हा वर आले. ती शाळेतून येऊन कनातीकडे तोंड करून निजू लागली. दहबाने हे सारे पाहिले. प्रार्थना कशासाठी करावी, हे तिला कळेना. पोरगी बरी राहिली तर पुरावा मिळणार नाही, पुरावा मिळायचा तर पोरगी आजारी पडायला हवी. नमाजाला वाकली की मागायचे शब्द तिच्या ओठांवर येऊन थिजत. माणसाच्या वाट्याला पुष्कळ प्रकारची लाचारी येते. स्वतःच्या मुलाच्या आजाराची वाट पाहावी लागणे ही तिला आजवर ठाऊक असलेल्या प्रत्येक लाचारीच्या पलीकडची होती. आणि ती कोणी जुलूम करून लादली नव्हती. डॉक्टर चांगला होता. पीठ पाठवणारे चांगले होते. पुरावा मागणारेही अन्यायी नव्हते. थोडे पीठ योग्य माणसालाच मिळावे एवढेच ते म्हणत होते. तिचे सपाट मापही हेच म्हणे. राग करावा असा एकही माणूस तिला सापडेना.

एका दुपारी शाळेतून आल्यावर मुनिना बोलता बोलता थांबली. "यम्मा, ते... ते..." आणि कुशीवर कलंडली. दहबाने हाक मारली ती एंबारकाच्या तंबूपर्यंत गेली. एंबारका धावत आली, पिठाने भरलेल्या हातांनीच तिने पोरीचे डोके मांडीवर घेतले, आणि दहबाने साखर ओली करून बोटाने तिच्या हिरड्यांवर चोळली. पुन्हा चोळली. बोटाला तिचे दात लागत होते. तेच बोट, लापशी चाटवणारे.

"पोरी, डोळे उघड. अगं, गाढवीण, उघड की!" एंबारका रडत रडत ओरडत होती.

मुनिनाने डोळे उघडले. पहिल्यांदा तिला एंबारका दिसली. "खालती, तुझे हात," ती जड जिभेने म्हणाली. "माझ्या केसांत पीठ लागलं."

एंबारका गेल्यावर दहबाने रोटीचे फडके उचलले. "पुरे झालं. मला नको पुरावा. नको ते पीठ, नको ती शाळा."

"यम्मा."

"नाही म्हटलं ना!"

"आता सोडलं तर इतके दिवस खाल्लेलं सगळं फुकट जाईल." मुनिनाने हात पुढे केला. "थोडेच दिवस राहिलेत. दे इकडे."

दहबाने फडके दिले नाही. मुनिना उठली, तंबूच्या खांबाला धरून आली, आईच्या हातातून ते फडके हळूच काढून घेतले आणि एक तुकडा तोडून तोंडात टाकला. ती चावत राहिली, आईकडे पाहत. तिच्या चेहऱ्यावर धीर नव्हता, धैर्यही नव्हते. आपल्याला दुसरे काही करता येत नाही हे ज्याला कळून चुकले आहे अशा मोठ्या माणसाचा तो चेहरा होता. तो या छावणीतल्या प्रत्येक घरात होता. लेकीच्या तोंडावर तो इतक्या लवकर दिसावा, असे मात्र दहबाला वाटले नव्हते.

रक्त पुन्हा घेतले गेले. उत्तर आले त्या दिवशी सालेक स्वतःच वस्तीत आला. दहबा दारातच होती आणि शेजारी एंबारका लोकर पिंजत बसली होती.

"निघालं, खालती," तो लांबूनच म्हणाला. "भरपूर निघालं. शंकाच नाही."

एंबारकाने डोके मागे टाकले आणि जीभ हलवत आनंदाची लांब किलकारी दिली, जशी लग्नात देतात, मुलगा झाल्यावर देतात. आजूबाजूच्या तंबूंतून एकदोघींनी कारण न विचारता तिला साथ दिली. मग एंबारकाला आपण कशासाठी ओरडलो हे उमगले आणि तिने तळहाताने स्वतःचे तोंड दाबून धरले.

"हाय अल्ला! मी काय केलं?"

मुनिना हसू लागली. मग दहबाही हसली, आणि हसता हसता तिला रडू आले. सालेक अवघडून उभा राहिला.

चहा झाला. पहिला पेला पितापिता त्याने सांगितले की मुनिनाच्या गळ्याच्या ग्रंथीवरही राखणदारांची नजर आहे असे दिसते. सध्या औषध नको, पण दर वर्षी तपासायचे. रोटी आजपासून बंद. सातूही नको. गहू नसलेल्या पिठाची पिशवी पुढच्या खेपेपासून मिळेल. खेप नेमाने येतेच असे नाही.

"आणि हे रक्तातून उतरतं," तो म्हणाला. "घरातल्या जवळच्या माणसांचंही तपासायचं असतं. हिला भाऊबहीण?"

"एकटीच आहे."

"आधी कुणी?"

दहबाच्या हातात चहाची किटली होती. ती उंच धरून तिने दुसऱ्या पेल्यात धार सोडली होती; पेला भरला, फेस काठावर आला, तरी धार चालूच राहिली आणि चहा थाळीत सांडला. आयुष्यात तिच्या हातून असे कधी सांडले नव्हते.

"लहबीब," ती म्हणाली. "त्याला अघिंदी होती." आणि मग, एका दमात, "पोट फुगायचं त्याचं. हातपाय असे. अंगावरचं तुटल्यावर सुरू झालं. सारखं लागायचं शौचाला. रडायचा, मग रडायचंही सोडलं. मी मीठ बंद केलं. आणि पीठ... वस्त्रगाळ करून द्यायचे मी. सगळ्यांत चांगलं त्याला." ती थांबली. "तेच होतं का?"

सालेकने पेला खाली ठेवला. "तेव्हा इथं ही तपासणीच नव्हती, खालती. तुला कसं कळणार होतं?"

"आता तरी कळेल का?"

"नाही."

"तुला काय वाटतं?"

क्युबातल्या विद्यालयात त्याला पुष्कळ शिकवले गेले होते. या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते, आणि खोटे बोलण्याइतकी हस्सानिया त्याला येत नव्हती.

"तुझा हात दे," शेवटी तो म्हणाला. "तुझंही रक्त घेतो. आणि गळा बघू दे. ही सूज कधीपासून आहे?"

"इथल्या अर्ध्या बायकांना आहे. विहिरीचं पाणी."

"असेल. तरी बघू दे."

दहबाने बाही वर केली. सुई शिरताना ती मुनिनाकडे पाहत होती, आणि गेल्या काही आठवड्यांतली पोटातली ती कळ तिला आठवली. आपल्या रक्ताने काय सांगायचे ते सांगावे. ज्याचे रक्त बोलायला हवे होते तो वाळूखाली होता.

पुढच्या खेपेला ट्रक आले. चटई अंथरली गेली. बायका गोल करून बसल्या. घमेली, पातेली, जुने डबे. मुनिनाची पिशवी वेगळी आली होती, ओंजळभर आकाराची, तिच्यावर परक्या लिपीतली अक्षरे. ती दहबाने मलह्फाखाली ठेवली आणि माप हातात घेतले.

तिच्या स्वतःच्या रक्ताचे उत्तर अजून आले नव्हते. आदल्या दिवशी तिने सालेकला विचारले होते, सगळ्या पोरांची तपासणी का नाही करत? तो म्हणाला होता, करायची आहे. किट तेवढ्या नाहीत. आणि आधी कोणाची करायची ते ठरवायला कोणीतरी आजारी दिसावे लागते. तिने विचारले होते, मग तोवर मी काय वाटू?

एंबारकाची सून आली. तिच्या कडेवर नुकतेच खायला लागलेले मूल होते. ते पोत्याकडे झेपावले, मुठीत पीठ धरले आणि मूठ तोंडात घातली. सगळ्या बायका हसल्या.

"बघ, बघ, आत्तापासून वाटा मागतोय," एंबारका म्हणाली. "हात सैल सोड गं, तराजू. नातू आहे माझा."

दहबाने मुलाकडे पाहिले. पोट पाहिले. गोल होते, पण सगळ्याच तान्ह्यांचे असते. मांड्या पाहिल्या, डोळे पाहिले. कशावरूनच काही कळत नव्हते. नको म्हणावे तर सुनेच्या घरात दुसरे काय होते? तिने मलह्फाच्या टोकाने त्याच्या ओठांवरचे पीठ पुसले, जरा जास्तच वेळ, आतून बाहेरून, ते मूल कुरकुरू लागेपर्यंत.

"अगं, पुसतेस किती? पीठच आहे ते," सून म्हणाली आणि तिने घमेले पुढे सरकवले.

दहबाने माप पोत्यात खुपसले. वर आलेली शीग तळहाताच्या कडेने सपाट केली. आणि ओतले.